बी.ए. अपिअर्ड

कॉव्हेंट्री शहरात आजपर्यंत जेवढ्या माणसांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला असेल, त्या सगळ्यांमध्ये तो मनापासून करणारं माणूस एकच होऊन गेलं, आणि ते म्हणजे माझी घरमालकीण. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. मी स्वतः त्याच विद्यापीठात, त्याच विभागात, कोल्हापुरातून स्कॉलरशिप मिळवून एम.ए. करायला गेलो होतो, तेव्हा हा मान आपल्यालाच मिळावा अशी माझी फार इच्छा होती. पण त्यांच्या घरात एक वर्ष काढल्यावर मी तो नाद सोडला. मी चोविशीचा, त्या एकोणसाठ वर्षांच्या, मी एम.ए.ला, त्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्यांना सगळे काकू म्हणत. माझ्यासारख्या मराठी भाडेकरूनं म्हणणं ठीक आहे, पण विभागातली इंग्रज पोरंसुद्धा 'काकू'च म्हणत, आणि ते त्यांचं आडनाव आहे अशी त्यातल्या निम्म्यांची समजूत होती.

त्यांची गोष्ट 'अपिअर्ड' या शब्दापासून सुरू होते. काकू पुण्यात इंग्लिश स्पेशल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. चार पेपर झाले आणि पाचव्या पेपरच्या दिवशी, त्या पेपरऐवजी, बोहल्यावर उभ्या राहिल्या. नवरामुलगा इंग्लंडात डॉक्टर, रजा फक्त तीन आठवडे, आणि भटजींनी काढलेला मुहूर्त नेमका तोच. लग्नाच्या बाजारात तेव्हा 'बी.ए. अपिअर्ड' म्हणजे परीक्षेला बसलेली मुलगी. पास-नापास पुढचं पुढे. डॉक्टरांनी विमानातच वचन दिलं होतं, "पुढच्या वर्षी तू बी.ए. पुरी कर." मग दर सहा महिन्यांनी नवं हॉस्पिटल, नवं गाव, साउथहॅम्प्टनला मुलगी झाली, कॉव्हेंट्रीला घर झालं, आणि 'पुढचं वर्ष' पस्तीसेक वेळा पुढे गेलं. काकूंनी मात्र या काळात जो जो फॉर्म भरला, त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: बी.ए., आणि पुढे कंसात 'अपिअर्ड'. शिक्षण विचारलेलं नसलं तरी लिहिलं. मुलीच्या शाळेच्या सहलीच्या संमतिपत्रावर लिहिलं. एकदा मी विचारलं, "काकू, नुसतं बी.ए. लिहिलं असतंत तर कोण बघायला जाणार होतं?" त्यांनी लाटणं थांबवून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची पोळी न मागता उठलो.

डॉक्टर गेले, आणि त्यानंतरच्या सप्टेंबरात काकूंनी विद्यापीठात नाव घातलं. दोन गोष्टी त्यांनी त्या काळापासून धरून ठेवल्या होत्या. एक बी.ए., आणि दुसरी घराची पुढची खोली. डॉक्टर गेल्यावर माणसं भेटायला येत होती, तेव्हा ती खोली जशी आवरून ठेवली होती तशीच ती तीन वर्षं होती. सोफ्याच्या उशा ताठ, टेबलावर पाण्याचा तांब्या, पेले पालथे. मी तिथे कप विसरलो तर हाक यायचीच, "अरे, उचल तो! कुणी भेटायला आलं म्हणजे?" कोणी येत नसे. आता भेटायला येण्यासारखं काही राहिलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी कप उचलायचो.

वर्गातल्या त्यांच्या गोष्टी तर विभागात अजून सांगत असतील. लेक्चरला त्या पंचवीस मिनिटं आधी जात, पहिल्या रांगेत बसत, आणि प्राध्यापक आत आले की उभ्या राहत. सुती साडी, वर कार्डिगन, पायात पांढरे ट्रेनर्स. सुरुवातीला ते बिचारे प्राध्यापक मागे वळून बघत, की कोण मोठं माणूस आलं. काकूंना काही सांगायची कुणाची छाती नव्हती. महिन्याभरात शेजारची दोन पोरं उठायला लागली, मग चार, आणि नाताळापर्यंत अर्धा वर्ग का ते न कळता उभा राहत होता. सेमिनारला त्या चिवड्याचा डबा न्यायच्या. एका जुन्या कादंबरीवर मोठी चर्चा रंगली होती, नायिकेचं दुःख, समाज, सत्ता वगैरे, काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं झालं, पण त्या घरात एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं?" सगळे पानं उलटायला लागले. पुढच्या वर्षी तो प्रश्न निबंधाला आला. काकूंच्या दृष्टीनं पुस्तकातली माणसं ही नात्यातलीच. "त्या पोरीला चार शब्द सांगणारं घरात मोठं कुणी नव्हतं का रे?" असं त्या इतक्या कळवळून विचारायच्या, की आपणच जाऊन सांगायला हवं होतं असं मला वाटायचं.

आणि पाठांतर! काकूंचं म्हणणं असं, की जे पाठ झालं तेच वाचलं. बाकीचं नुसतं दुकानाच्या काचेतून बघणं. पुस्तक ओट्यावर, त्यावर वरवंटा, आणि पोळ्यांच्या तालावर घोकणं. लायब्ररीतून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला हळद लागे. त्यांना चष्मा लावून लाटता येत नसे, वाफ धरायची, म्हणून मी आल्यावर त्यांनी मला वाचायला बसवलं. भाड्यात ते नव्हतं, पण गरम पोळी होती. मी वाचायचो, त्या लाटत लाटत म्हणायच्या, आणि तिसऱ्या दिवशी पान पाठ.

आता माझ्या पापाकडे येतो. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर शोकगीतांवर होता. मार्चमध्ये काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे कोल्हापुरात यावर काय शिकवलं होतं रे?" झालं. मी वीस किलो सामानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एक वही आणली होती. आमच्या कॉलेजातल्या सरांच्या नोट्स. सर वर्गात येत, डोळे मिटत आणि तास संपेपर्यंत डिक्टेट करत. गेली वीस वर्षं तालुक्या-तालुक्यातली पोरं त्या नोट्स पाठ करून पास होत होती. त्या नोट्स सरांच्या स्वतःच्या आहेत याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, माझ्या तर नव्हतीच. आपले सर इथल्या कुणाहून कमी नाहीत हे दाखवायची मला भारी खुमखुमी. मी वही उघडली आणि अगदी सरांच्या आवाजात, सरांसारखंच, "कॉमा", "फुलस्टॉप", "नेक्स्ट पॅराग्राफ" असं म्हणत काकूंना वाचून दाखवलं. काकू हसून हसून पोळी करपवत. "म्हण रे पुन्हा," म्हणायच्या. चार पानं त्यांना आठवड्यात पाठ झाली.

आम्ही दोघांनीही पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या त्या कागदावर सह्या केल्या होत्या, की दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून लिहिणार नाही. काकूंनी तो कागद नीट वाचला होता. कॉपी म्हणजे शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणं, किंवा चिठ्ठी नेणं. ते त्यांनी जन्मात केलं नव्हतं. डोक्यात असलेलं कागदावर उतरवणं ही कॉपी कशी होईल? ही तर मेहनत! आणि मी, एम.ए.चा शहाणा, प्रत्येक तळटीप तीनदा तपासणारा, मलाही पोळीचा वास नाकात असताना ते सुचलं नाही.

जूनमध्ये पेपर झाला. काकू खुशीत घरी आल्या, हिवाळाभर घरात ठेवलेली कढीपत्त्याची कुंडी बाहेर उन्हात नेली आणि श्रीखंड केलं. बॉयलरच्या उबदार कपाटात दही उत्तम लागायचं त्यांचं. दहाव्या दिवशी विभागाचं पत्र आलं.

ते पत्र त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे दिलं. शेवटच्या पेपरातलं एक उत्तर जवळपास सगळंच्या सगळं एका छापील पुस्तकातून आलेलं आहे. परीक्षेच्या खोलीत पुस्तक किंवा त्याची प्रत नेली असावी असा संशय आहे. चौकशी समितीपुढे हजर राहावं. सोबत एक मित्र आणता येईल. आरोप सिद्ध झाला तर पदवी मिळणार नाही. पुस्तकाच्या लेखकाचं नाव तर मी दोनदा वाचलं. ते आमच्याच विभागातले म्हातारे प्राध्यापक होते. शोकगीतं तेच शिकवत, पेपर त्यांनीच तपासला होता. तिसेक वर्षांपूर्वी त्यांनी एक बारकंसं पुस्तक लिहिलं होतं, ते कधीच कुणी वाचलं नाही असं ते स्वतःच हसत सांगत. वाचलं होतं. एका माणसानं वाचलं होतं, कोल्हापुरात.

मी लायब्ररीत पळालो. एकच प्रत होती. पहिलं पान उघडलं आणि माझ्या कानात सरांचा आवाज घुमायला लागला, कॉमा-फुलस्टॉपसकट. सर, सर! काय केलंत हो!

घरी येऊन मी काकूंना सांगितलं, की मी समितीला सगळं सांगतो, वही दाखवतो. त्या भाजी निवडत होत्या. "तू तोंड उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुझी स्कॉलरशिप आहे, व्हिसा आहे. तुला परत पाठवलं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? माझं काय, एवढी वर्षं अपिअर्ड होते, आणखी राहीन." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला ते खरं वाटलं असतं. पण मेथीची पानं कचऱ्यात आणि देठं भांड्यात जात होती.

समितीची तारीख नऊ दिवसांनी होती. त्या नऊ दिवसांत जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी शिकलो. लंडनमधल्या ईलिंगहून मुलीचे दिवसातून तीन फोन. ती इथेच जन्मलेली, काउन्सिलमध्ये मोठ्या जागेवर, आणि घाबरली की तिचं मराठी आणखी घसरायचं. "आई, तू असा कसा केला? मी लीव्ह घेते, आपण लॉयर आणू. तू काही साइन करू नको!" काकू म्हणायच्या, "लॉयर कशाला? मी काय चोरी केली आहे?" आणि फोन ठेवल्यावर मला विचारायच्या, "अरे, पण खरंच, ही चोरी आहे का रे?" इथल्या नियमांनी होती. आमच्याकडच्या नियमांनी पहिला नंबर होता. त्या नऊ दिवसांत त्यांनी काहीही पाठ केलं नाही. ओट्यावर पुस्तक नव्हतं. नुसत्या लाटण्याचा आवाज यायचा, तो मला ऐकवत नसे.

त्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या त्या जांभळी नारायणपेठ नेसून. ही साडी त्यांनी पदवीदानासाठी वर्षापूर्वी पुण्याहून मागवली होती, घडी मोडली नव्हती. मी बघत राहिलो तर म्हणाल्या, "नाहीतर मग नेसायची कधी?" बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ड्रायव्हरनं विचारलंसुद्धा, "लग्नाला का?" काकू म्हणाल्या, "पेपरला."

खोली लहान होती. अध्यक्ष म्हणून आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई, बाजूला दोघं, आणि कोपऱ्यात ते म्हातारे प्राध्यापक, आपलं पुस्तक मांडीवर घेऊन. तेच जास्त आजारी दिसत होते. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि काकूंच्या चिवड्यावर त्यांचा फार जीव होता. टेबलावर टिश्यूंचा डबा ठेवला होता. रडायची सोय आधीच करून ठेवलेली. काकू आल्या तशा प्राध्यापकांकडे बघून उभ्या राहिल्या, ते घाईनं उभे राहिले, मग सगळीच समिती उठली आणि कुणी आधी बसावं ते ठरेना.

बाईंनी स्वच्छ विचारलं, "चार पानं, जवळपास शब्दन् शब्द. पुस्तक खोलीत कसं नेलंत?"

"नेलं नाही. पाठ होतं."

"चार पानं?"

"चारच होती," काकू म्हणाल्या.

"कुठून पाठ केलंत? लायब्ररीच्या नोंदीत तुम्ही हे पुस्तक कधी घेतलेलं नाही."

काकू गप्प. वही माझ्या बॅगेत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, काकू पुन्हा गप्प. पेनं चालायला लागली, आणि काही न बोलणं हीच कबुली म्हणून लिहिली जाते आहे हे मला दिसत होतं. मग बाई थोड्या थकून म्हणाल्या, "पाठ आहे म्हणता, तर म्हणून दाखवाल?"

काकू उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घेतला, शाळेत घालतात तशी हाताची घडी घातली आणि सुरू झाल्या. म्हातारे प्राध्यापक पुस्तकात बोट ठेवून ओळ धरायला लागले. आणि हे इंग्रजी असं येत होतं: एवढा एवढा भाग, कॉमा, पुढचा भाग, कॉमा, फुलस्टॉप. नेक्स्ट पॅराग्राफ. समितीतल्या एका गृहस्थांचं पेन हवेतच थांबलं. काकूंना थांबणं माहीत नव्हतं. ओट्यापाशी जसं कानावर पडलं तसं बाहेर येत होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर फुलस्टॉप म्हटल्यावर त्या त्याच सुरात, मराठीत म्हणाल्या, "हे अंडरलाइन करा रे, सोळा मार्कांना येतं."

प्राध्यापकांचं बोट थांबलं. "हे माझ्यात नाही," ते म्हणाले.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं. काकूंनी ओठ घट्ट मिटले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी उठलो. "ते माझे सर आहेत," मी म्हणालो. "कोल्हापूरचे."

"खाली बस," काकू मराठीत म्हणाल्या. मी बसलो नाही. मी वही काढली, सगळं सांगितलं: सर, डिक्टेशन, वीस वर्षं, दर वर्षी सव्वाशे पोरं, पोळ्या, माझं नक्कल करणं. वही टेबलावरून फिरत फिरत प्राध्यापकांकडे गेली. त्यांनी माझं कॉलेजातलं गिचमिड अक्षर डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. बराच वेळ वाचलं.

"म्हणजे कोल्हापुरात माझं पुस्तक लोकांना पाठ आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पास होण्यापुरतं," मी खरं ते सांगितलं.

बाईंनी काकूंना पुढे म्हणायला सांगितलं. काकू माझ्यावर रागावलेल्या होत्या, त्यामुळे उरलेली दोन पानं जरा जोरात झाली. कॉमा, फुलस्टॉप, नेक्स्ट पॅराग्राफ. प्राध्यापकांचं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं, शेवटच्या फुलस्टॉपला ते टेकलं आणि ते पुस्तक मिटणार, तर काकू थांबल्या नव्हत्या. आवाज मात्र खाली आला होता. इंग्रजीत त्या जे म्हणाल्या ते मराठीत साधारण असं होईल: शोकगीत ज्याच्यासाठी लिहितात तो काही ते वाचत नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते आवरून ठेवावं लागतं.

कॉमा नाही, फुलस्टॉप नाही. त्या नुसत्या खाली बसल्या.

प्राध्यापकांनी पान उलटून पाहिलं. मग वहीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुझ्या सरांचं?" मी मान हलवली, सरांचं नव्हतं. सरांच्या सात पिढ्यांत कुणाचं नव्हतं. मला ती पुढची खोली दिसत होती, ताठ उशा, पालथे पेले, आणि मी विसरलेला कप.

काकू एकदम घाबऱ्या झाल्या. सगळ्या चौकशीत झाल्या नव्हत्या तेवढ्या. "सॉरी," त्या म्हणाल्या, "शेवटची पाच मिनिटं उरली होती. ते चुकून माझंच मध्ये गेलं."

टिश्यूंचा डबा मीच पुढे ओढला. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला आणि म्हणाले, "काकू, या चार पानांत एवढं एकच वाक्य मी लिहिलेलं नाही. आणि मला लिहायला आवडलं असतं असं तेवढंच आहे."

नियम म्हणजे नियम. आम्हाला बाहेर बसवून समितीनं पाऊण तास खल केला आणि ठरवलं की परीक्षेच्या खोलीत लबाडी झालेली नाही, पण उत्तर दुसऱ्याचं आहे, म्हणून शून्य. पेपर ऑगस्टमध्ये पुन्हा द्यायचा, आणि मार्क कितीही पडले तरी काठावर पास एवढेच धरायचे. मला माझ्या विभागप्रमुखांनी बोलावून तासभर झापलं, पण ठेवून घेतलं. बसमध्ये काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. घराच्या वळणावर एकदम म्हणाल्या, "म्हणजे आता सगळं माझ्याच मनाचं लिहायचं? इतकं कुठून आणू मी?"

सहा आठवडे आम्ही त्याच ओट्यापाशी बसलो, पण उलटे. आता त्या बोलायच्या आणि मी लिहून घ्यायचो. सुरुवातीला फार हाल झाले. कविता वाचून दाखवली की त्या कुणाचं तरी मत सांगायच्या, आणि मी म्हणायचो, "काकू, हे कुणाचं?" त्या चिडायच्या. "माझं मत कोण विचारतंय? एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही, बिचारे चांगले होते तरी." मग हळूहळू यायला लागलं. लाटता लाटता एखादं वाक्य पडायचं, मी पटकन टिपायचो, आणि त्या संशयानं विचारायच्या, "हे चालतं?" चालायचं. शेवटच्या आठवड्यात तर त्या डॉक्टरांबद्दलच बोलत होत्या, कविता बाजूलाच राहिली होती. मी ते लिहून घेतलं नाही.

काकू पास झाल्या. काठावर. पदवीदानाला तीच जांभळी नारायणपेठ, वर काळा झगा, मुलगी रडते आहे, म्हातारे प्राध्यापक निवृत्त झालेले तरी मुद्दाम आलेले, खिशात चिवड्याची पुडी. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी जवळच्या प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जायचं ठरवलं, त्याचा फॉर्म आला. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात बी.ए. लिहिलं, आणि हाताच्या सवयीनं पुढे कंस उघडला. मग पेन तसंच धरून बसल्या. मी म्हणालो, "खोडा ना." त्या म्हणाल्या, "राहू दे रे. एवढी वर्षं होतो आम्ही बरोबर." त्या रिकाम्या कंसासकट तो फॉर्म शाळेत गेला.

मी परत आलो. कोल्हापुरातच शिकवतो, नोट्स देत नाही, त्यामुळे पोरं माझ्यावर नाराज असतात. दोन वर्षांपूर्वी ईलिंगहून फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. मुलगी म्हणाली, "घर क्लिअर करायला मी एक वीक सुट्टी घेतली होती. पण आईने सगळा आधीच नीट ठेवला होता रे. मला करायला काहीच नाही मिळालं." आणि मग ती फोनवर जी रडायला लागली, तिला थांबवायला मला कुठलंच मराठी आठवेना.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या काही हे वाचणार नाहीत, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जरा आवरून ठेवलं आहे. हे शेवटचं वाक्य माझं नाही. काकूंचं आहे.